फुलांची चौकशी

पृथ्वी वाचवायची तर सुरुवात फुलदाणीपासून करावी लागेल, असं माझं ठाम मत आहे. ते ऐकून कंटाळायला आता घरात बायको नाही, म्हणून दर शनिवारी मी फुलवाल्या बाईंना गाठतो. शेवंती कुठल्या मळ्यातली, औषध फवारलंय का, तोडणाऱ्या बायकांना मजुरी नीट मिळते का, असं विचारत अर्धा तास बरा जातो. आठवड्यातलं माझं बोलणं तेवढंच.

आज दुकानात पाटी होती. माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं, मोठ्या अक्षरांत.

“काका, आता तुमची खोटी व्हायला नको,” बाई कौतुकाने म्हणाल्या.

खिशातला चष्मा मी आणखी खाली दाबला.

“चष्मा घरी राहिला हो. जरा सावकाश वाचून दाखवता?”