वीस मिनिटांची जागा

"हळू बोल गं, डेल्सी! माझं वजन काय चर्चमध्ये वाचून दाखवायचंय?" काट्यावरून उतरता उतरता मिस आयव्हली पुटपुटली.

"एक्क्याऐंशी," म्हणत मी यादीत लिहिलं. आमच्या छोट्या विमानात बोचक्यांबरोबर माणसंही तोलावी लागतात. काउंटरवर बावीस वर्षं काढली. अख्ख्या बेटाचं वजन मला तोंडपाठ आहे.

इथून सान आंद्रेसचं मोठं बेट नव्वद किलोमीटर. विमानानं वीस मिनिटं. बोटीनं चार तास, तेही समुद्राच्या मनात असेल तर.

मग मिस्टर ऑर्व्हिल काट्यावर चढले. चाळीस वर्षं त्यांनी बोटींची इंजिनं दुरुस्त केली. आता मूत्रपिंडं थकली, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार सान आंद्रेसच्या इस्पितळात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचं. "जन्मभर इंजिनं उघडली, आता यंत्र मला उघडतंय," म्हणून हसायचे.

एरवी चौसष्ट. आज शुक्रवारी काटा एकोणसत्तरवर थांबला.

"खेकडे जास्त झाले," ते म्हणाले. बुटांच्या नाड्या सुजलेल्या पायांना पुरत नव्हत्या.

खेकडे कसले! यंत्र चुकलं, म्हणून अंगात पाणी साठलं होतं. विमान जड झालं की ज्याची निकड कमी, त्यानं हसत उतरायचं, ही आमची रीत. सोमवारी त्यांनी परीक्षेला निघालेल्या मुलीला जागा दिली, बुधवारी एका नवरीच्या आईला. ते काय, परवा पुन्हा जाणारच, असं आम्ही सगळे धरून चाललो. दोन्ही वेळा त्यांचं नाव खोडलं ते मीच.

वैमानिक आत आला. "पुढं हवा वाईट आहे, इंधन जास्त घेतलंय. साठ किलो कमी करा."

सुकी मासळी उतरली, विलायती फणस उतरले. तरी चाळीस जास्तच.

"बारशाचा केक मी मांडीवर धरते," मिस आयव्हली म्हणाली.

"मांडीवर धरला म्हणून हलका होतो का तो?" मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले. शेवटी मिस्टर ऑर्व्हिलनी हात वर केला.

"मी राहतो. वीस मिनिटांचं तर अंतर. सोमवारी जाईन."

"देव तुमचं भलं करो," मिस आयव्हली घाईघाईनं म्हणाली.

वैमानिकानं यादी माझ्यापुढं सरकवली. मी पेनाला टोपण लावलं.

"खोडणार नाही."

"डेल्सी, हट्ट नको करू. विमान खोळंबलंय," मिस्टर ऑर्व्हिल म्हणाले.

"खोळंबू दे." मी काउंटरबाहेर आले, त्यांची पिशवी खांद्याला लावली. "शेवटचं यंत्रावर कधी होतात?"

"गेल्या शुक्रवारी," ते हळूच म्हणाले.

"आज राहिलात तर सोमवारपर्यंत तुम्ही मराल, मिस्टर ऑर्व्हिल. आणि तुमचं नाव खोडणारी मी असेन."