कोनी शे ही बंदूक?

नंदुरबारच्या भीकमचंद शेठची जुनी जीन, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी, लष्करानं ताब्यात घेतली, त्या वर्षी तिथं कापूस न येता इटलीच्या मशीनगना आल्या. महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटातल्या लढाईत पकडलेल्या. त्यांचं बूड आपल्या खेचरांच्या खोगिराला बसेना, पाय आपल्या जवानांना उंच पडत. म्हणून पाय कापायचे, नेम धरायच्या पट्टीवर मीटरच्या जागी गजाचे आकडे कोरायचे, उचलायला मूठ जोडायची. एवढ्यासाठी गावोगावचे लोहार बोलावले. त्यांत हिलाल लोहार होता.

हिलालनं जन्मभर गावकीची कामं केली होती. विळा घडवायचा तर आधी तो कुणाच्या हातात जाणार ते ठाऊक हवं. तापीबाईचा विळा वेगळा, तिच्या सुनेचा वेगळा. तेव्हा पहिली मशीनगन ऐरणीजवळ आली, तसं त्यानं सवयीनं विचारलं, "कोनी शे ही बंदूक?"

कारागीर हसले. कामावर देखरेखीला नेमलेला शहाद्याकडचा हवालदार उदेसिंग तर पोट धरून हसला. हिलालचा मुलगा लोटन नुकताच फौजेत भरती झालेला, हे त्याला माहीत होतं. म्हणाला, "तुन्हा लोटननीच समज, आप्पा."

हिलालनं तसंच समजलं.

बंदुकीचा खटका दोन मुठींच्या मधे, दोन्ही अंगठ्यांनी दाबायचा. आणि लोटनचा उजवा अंगठा उसाच्या चरकात चेचला होता, तेव्हापासून वाकत नव्हता. भरतीच्या घाईत कुणी पाहिलं नाही. बापाला मात्र तो अंगठा जेवताना दिसे, निजताना दिसे. त्यानं खटक्याला लोखंडाची रुंद जीभ जोडली, तळहाताच्या गादीनंही दबेल अशी. मग दुसऱ्या बंदुकीला, मग तिसऱ्या. लोटनच्या वाट्याला कोणती येईल, कोण सांगणार? बाकीचे लोहार उन्हं उतरली की घरी जात. हिलालचं जिभेचं काम उरलेलंच असे. उदेसिंगनं एकदा दाबून पाहिलं, सोपं वाटलं, म्हणून हरकत घेतली नाही.

मारुतीच्या देवळात रात्री कीर्तन असे, पण हिलालला ऐकायला त्राण उरत नसे. तो खांबाला टेकायचा, बुवा नामाचा गजर सुरू करायचे आणि याची मान छातीवर पडायची. टाळ वाजत, त्याचा हात झोपेतच हातोडा मारल्यासारखा हले. बुवा मोठे प्रेमळ. म्हणायचे, झोपू द्या, देवाच्या कानावर त्याचंच कीर्तन आधी पडतंय.

बंदुकांच्या पेट्या रेल्वेच्या वॅगनीत चढायच्या दिवशी हिलाल फडक्यात अंगारा आणि गूळ-खोबरं बांधून घेऊन आला. लोटनच्या बंदुकीच्या पेटीत ठेवायचं, म्हणाला. कोणती ती तेवढी दाखव.

उदेसिंगला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यानं हिलालला बाजूला, कापसाच्या थप्प्यांच्या रिकाम्या ओट्यावर बसवलं.

"आप्पा, मी मस्करी करेल व्हती. लोटन रायफलवाला शे. ह्या बंदुका दुसरा पलटनले जाई ऱ्हायन्यात, मद्रासकडना पोरेसले."

हिलाल हाताच्या भेगांत शिरलेलं काळं तेल खरवडत राहिला. उदेसिंग खाली मान घालून म्हणाला, एकच बंदूक करायची उरलीय, तिला ती जीभ नको लावू, सरकारी नमुन्यात ती नाहीच. घरी जाऊन नीज.

हिलाल ओट्याला हात टेकून उठला. फडकं समोरच्याच पेटीत ठेवलं, कोणती ते पाहिलंही नाही. ऐरणीपाशी येऊन त्यानं भाता दाबला. विस्तव धरायला वेळ लागला.

"आते कोनासाठे, आप्पा?" उदेसिंगनं हळूच विचारलं.

"तठेबी बंदुकना मांगे कोना तरी पोरगाच बठी ना," हिलाल म्हणाला, आणि लाल झालेली जिभेची पट्टी चिमट्यानं ओढून त्यानं ऐरणीवर धरली.