सहावं जाळं

पूंगोडीने सुकटीच्या सार-भाताचा घास तोंडाशी नेला आणि हात तिथेच थांबला. दुसऱ्या हाताला कमरेशी खोचलेली एक चिंधी लागली होती. पाखरं धरायची जाळी सहा, चिंध्याही सहा. दहाला ऊन चढलं की एकेक जाळं गुंडाळून चिंधीने बांधून टाकायचं. मग ही उरली कशी?

पाचवं बांधत असतानाच पाखरांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी हाक मारली होती. सकाळी धरलेल्या पाखरांच्या पायात नंबराच्या कड्या घालून त्यांना सोडायचं होतं. ती धावत गेली आणि सहावं तसंच उघडं राहिलं.

आता बारा वाजून गेले होते. डॉक्टर जेवायला वेदारण्यमला गेलेले. या उन्हात जाळ्यातलं पाखरू पाव तासही काढत नाही. तिने ताट सारलं आणि अनवाणीच पळत सुटली.

चार वर्षांत तिच्या हातून एक पाखरू मेलं नव्हतं. तरी कोडियक्करै गावचे लोक म्हणायचेच, ‘वैरवनच्या पोरीला पाखरं सांभाळायला ठेवलंय! बोक्याला दुधाची राखण!’ वैरवन तिचा बाप. पाखरं मारून विकली म्हणून दोनदा तुरुंगात जाऊन आलेला. तो जाळ्यांच्या आसपास दिसता कामा नये, या अटीवरच तिला काम मिळालं होतं.

झुडपांमागून तिला जाळं दिसलं, आणि जाळ्याला भिडलेला माणूस.

“अप्पा!”

वैरवन दचकला, पण त्याने वर केलेले हात खाली घेतले नाहीत. अंगावर नुसता लंगोट. कमरेची सोडलेली वेष्टी त्याने दोन्ही हातांनी जाळ्यावर ताणून धरली होती. तिच्या सावलीत नऊ पाखरं लटकत होती, चोची उघडून धापा टाकत.

“मी हात नाही लावला,” तो घाईघाईने म्हणाला. “जंगलाचा गार्ड आला तर सांग त्याला. एकालाही नाही लावला.”

“कधीपासून उभे आहात?”

“काटक्या न्यायला आलो होतो. तेव्हा ऊन इतकं नव्हतं.”

“मला बोलवायचं ना!”

“सावली सोडून?”

तिने भराभर आठ पाखरं सोडवली आणि कडी न घालताच उडवून दिली. नववं पाखरू नवरंग. त्याच्या जिभेमागे दोरा अडकला होता. ती जितकं सोडवू पाही तितका तो रुतत होता. चोचीत रक्त दिसलं.

“अप्पा, तुम्ही काढा.”

“मी? नको गं.”

“मरेल हो तो!”

तिने वेष्टी त्याच्या हातातून ओढून स्वतः धरली. वैरवन पुढे झाला. चोचीत हलकी फुंकर घातली, आणि भातातला केस काढावा तसा दोरा काढला. नवरंग त्याच्या मुठीत आला. दोन बोटांमधून मान तेवढी बाहेर.

वैरवनच्या कपाळावर घाम डवरला.

“घे लवकर,” तो म्हणाला. “या अंगठ्याचा मला भरवसा नाही.”

तिने पाहिलं. मान मोडायच्या जुन्या सवयीने अंगठा आपसूक पाखराच्या मानेखाली सरकला होता. तिला खरोखरच भीती वाटली. हात पुढे गेलाही, पण तिने तो मागे घेतला.

“तुम्हीच सोडा.”

वैरवनने डोळे गच्च मिटले. एकेक बोट उघडलं, अंगठा सगळ्यात शेवटी. नवरंग क्षणभर तळहातावर बसून राहिला, मग झुडपात शिरला.

हात तसाच पुढे धरून वैरवन उभा होता. डोळे उघडायचा त्याला धीर होत नव्हता.

“जिवंत होता ना गं?” त्याने विचारलं.