सगळ्यांची अक्कल बंद

दादाच्या हुकमाशिवाय त्या घरात पंखासुद्धा फिरत नसे. वाढवून सांगतोय असं वाटतंय? वाटू दे. ज्यांनी ते घर पाहिलंय ते मान डोलावतील.

त्याचं कामच तसलं होतं. बंदरावर क्रेनला इशारे देण्यात त्याचं आयुष्य गेलं. वर काचेच्या खोलीत क्रेनवाला, खाली हा. क्रेनवाल्याला खालचं धड दिसत नाही, त्यामुळे हा हात हलवील तेव्हाच लोखंडी पेटी उचलायची, हा थांब म्हणाला की अधांतरी थांबवायची. मध्ये दुसऱ्या कुणी तोंड घातलं तर खाली माणूस चिरडतो, आणि तसं एकदा त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही. पण बंदरावरचा कायदा त्याने घरी आणला, आणि वहिनीने तो मुकाट्याने पाळला.

आता दादा हृदयाच्या झटक्यातून उठून घरी बसला होता. डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना समोर उभं करून बजावलं होतं, "दुसरा झटका येऊ शकतो. घाम फुटला, बोलेनासे झाले, तर विचार करत बसू नका. आधी फोन करा."

वहिनीने केलाही होता बिचारीने. दादाच्या छातीत जळजळलं म्हणून रुग्णवाहिका बोलावली, स्ट्रेचर जिन्यातून वर आलं, सगळी इमारत दारात गोळा झाली, आणि निघालं काय, तर पित्त! दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी हुकूम सुटला, "यापुढे मी सांगितल्याशिवाय कुणीही फोन करायचा नाही. कळलं?" वहिनीला कळलं. कॉलेजात जाणारी ठकी, त्याची मुलगी, नाक फुगवून आत निघून गेली.

घरात बसून दादा सगळ्यांवर डाफरायला लागला, तेव्हा वहिनीने धाकटीला फोन केला. धाकटी म्हणजे दादाची बहीण. छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवते, चाळिशी उलटली तरी सगळ्यांची धाकटीच.

धाकटीने डोकं चालवलं. लहानपणी दोघांनी ज्या खेळापायी आईचे धपाटे खाल्ले होते, तो खेळ तिने शोधून काढला आणि दादाच्या कॉम्प्युटरवर चढवला. चौघांची टोळी घेऊन पडक्या राज्यात हिंडायचं, राक्षस मारायचे. एक ढालवाला, एक तिरंदाज बाई, एक म्हातारा जादूगार आणि एक वैद्यीण. शेवटी कोरड्या विहिरीच्या तळाशी एक राक्षस. तो त्या दोघांकडून कधीच मेला नव्हता.

"अय्या, एवढीशी माणसं होती ही?" धाकटी पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाली. आठवणीत ती चांगली ऐटबाज होती, आणि इथे नाकडोळेसुद्धा धड नव्हते.

दादा मात्र खुलला. "चष्मा दे माझा. आणि माऊस तू धर, मी सांगतो." पूर्वीही तसंच असायचं.

त्या खेळातली लढाई मोठी मजेशीर. कळ दाबली की सगळं जागच्या जागी थिजायचं, अगदी राक्षसाची उगारलेली कुऱ्हाडसुद्धा. मग निवांत विचार करायचा, चौघांना एकेक हुकूम द्यायचा आणि पुन्हा कळ दाबायची. शिवाय एक बटण होतं. ते चालू ठेवलं तर टोळीतली माणसं आपल्या मनाने लढायची, मागे सरायची, औषध प्यायची. लहानपणी दोघांनी त्याला नाव ठेवलं होतं, अक्कल.

"आधी सगळ्यांची अक्कल बंद कर," दादा म्हणाला.

"राहू दे की रे चालू. तेवढीच मदत."

"मदत कसली! ऐन वेळी चौघं चार दिशांना पळतात. बंद कर म्हणतो ना."

धाकटीने केली बंद.

रोज दुपारी छापखान्याच्या सुट्टीत ती यायची आणि दोघं खेळायची. दादाचं डोकं अजून तल्लख होतं. तो डोळे मिटून, हात पोटावर ठेवून विचार करायचा, त्या वेळी कुणी हूं की चूं करायचं नाही. एकदा वहिनी पाण्याचा पेला घेऊन आली आणि "गोळी घेताय ना?" एवढंच म्हणाली, तर केवढ्याने खेकसला! तेव्हापासून ती दारातून आत डोकवायची, डोळे मिटलेले दिसले की चवड्यांवर परत जायची.

खेळताना धाकटीच्या मनात पाल चुकचुकली ती एका फुटकळ लढाईत. दादा जादूगाराच्या नादात वैद्यिणीला हुकूम द्यायचा विसरला. ढालवाला कोसळला, कण्हायला लागला. त्याच्या शेजारी, अगदी पायाशी, ती वैद्यीण उभी. पिशवीत औषध गच्च भरलेलं. आणि ती नुसती उभी, डुलतेय जागच्या जागी. ढालवाला मेला तरी डुलतेय.

"शी! कसली रे ही बया," धाकटी म्हणाली. लहानपणी हे कितीदा घडलं असेल, पण तेव्हा फक्त हरल्याचा राग यायचा.

"तिची काय चूक? मी सांगितलंच नाही," दादा म्हणाला. वर हसला.

शेवटी विहिरीचा तळ आला. दादा खुर्चीत पुढे सरकून बसला. राक्षस अंधारातून बाहेर पडला आणि पहिल्याच दणक्याला तिरंदाज बाई आडवी झाली.

"थांबव! थांबव!" दादा ओरडला. धाकटीने कळ दाबली. सगळं थिजलं. "आता बोलू नकोस. विचार करू दे मला." त्याने मान मागे टेकली, डोळे मिटले.

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी वाजत राहिली, मग थांबली. वहिनीने दारातून डोकावलं. धाकटीने ओठांवर बोट ठेवलं. वहिनी चवड्यांवर परत गेली.

बराच वेळ झाला. आज जरा जास्तच, असं धाकटीला वाटलं. दादाच्या कपाळावर घाम होता, पण खोलीत उकडतही होतं. आणि दादाला हलवायचं? तिची काय छाती होती! तिने पडद्यावरच्या कुऱ्हाडीकडे बघत बसून घेतलं. छापखान्यात परत जायची वेळ टळून गेली. जीव वरखाली व्हायला लागला, तेव्हा तिने जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. दादाने न सांगता कळ दाबली.

कुऱ्हाड खाली आली. एकामागून एक चौघंही मेली, एकानेही हात उचलला नाही.

दादा ओरडला नाही.

ओरडला असता तर बरं झालं असतं. "दादा," ती म्हणाली. मग मोठ्याने, "दादा रे!" त्याचा हात पोटावरून घसरून लोंबकळला. ओठ काळेनिळे झाले होते.

वहिनी धावत आली. टेबलावर, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर, फोन होता. ती दादाच्या कानाशी वाकली. "अहो," ती म्हणाली, "अहो, फोन करू का?"

आणि लाज वाटते सांगायला, पण धाकटीही उत्तराची वाट बघत दादाच्याच तोंडाकडे बघत राहिली.

ठकी आतून आली ती ओल्या केसांनीच. तिने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा या दोघींकडे, आणि फोन उचलला. पत्ता सांगितला, मजला सांगितला. "आत्या, काय बघतेस? खांदे धर, खाली घे त्यांना!" बापाला जमिनीवर उताणं घेऊन, फोनवरचा माणूस सांगत होता तसं, ती दोन्ही हातांनी त्याची छाती दाबायला लागली. रडत होती आणि दाबत होती.

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. पदराचा बोळा तोंडात. तिने तो काढला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"अगं ठके, बाबांना विचारलंस का?"