लिटरला चौदा

"क्लच आहे का पायपुसणं, सदान्कदा आपला पाय त्यावर," गाडीखालून मिस्त्री पुटपुटला.

त्याला वाटलं, ऐकायला कोणी नाही. पण हाताच्या अंतरावर, पत्र्याच्या स्टुलावर काकू बसल्या होत्या आणि बाकी काही कुरकुरत असलं तरी कान त्यांचे शाबूत होते. काका पलीकडे हवेच्या यंत्राशी हुज्जत घालत होते. यंत्राचा काटा अर्ध्या अंकाने पुढे आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मिस्त्री सरपटत बाहेर आला आणि काकूंना बघून ओशाळला. क्लचच्या प्लेटा गेल्यात म्हणाला, वर्षात दुसऱ्यांदा. का गेल्या ते त्याने सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही. क्लचवर पाय विसावला की इंजिन नुसतं गुरगुरतं, चाकांपर्यंत जोर पोचत नाही आणि पेट्रोल मात्र जळत राहतं, हे काकूंना त्याच गॅरेजात बसून बसून कळलं होतं. हवा भरून आलेल्या काकांना मिस्त्रीने सांगितलं, जुनी गाडी आहे साहेब, चालायचंच.

काका तीस वर्षं वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानदारांच्या ताजव्याखालची चिकटवलेली चिंच, ठोकून पोचे पाडलेली मापं, पोकळ वजनं, सगळं त्यांनी पकडलेलं. निवृत्त झाल्यावर पकडायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी आपली तेवीस वर्षांची गाडी धरली. दर दोनशे किलोमीटरला टाकी भरायची, ती एकाच पंपावर, एकाच नळीने, सकाळी सातला, गाडीचं तोंड रस्त्याकडे करून, कारण पंपाची फरशी जरा उतरती होती. नळी एकदा बंद झाली की गाडी दोन्ही हातांनी हलवायची, आतली हवा काढायची आणि पुन्हा भरायची, पेट्रोल तोंडाशी दिसेपर्यंत. मग चाललेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागायचं. पंपावरच्या माणसाला ते नोकरीत असल्यापासून, बावीस वर्षं, "काठोकाठ" एवढंच सांगत आले होते, त्यामुळे त्याचं नावच काठोकाठ पडलं होतं. तो या नावालाही ओ द्यायचा. गरीब माणूस, नावावरून कुठे भांडत बसणार.

नवी होती तेव्हा गाडी लिटरला सोळा द्यायची. नंतर चौदा. गेल्या दोन वर्षांत तेरा, साडेबारा, असं करत उतरत चालली होती.

दोन वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी काकांच्या तळपायाला सुई टोचली होती. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "टोचा की, किती वेळ लावताय." तोवर डॉक्टरांनी चार वेळा टोचून झालं होतं. डॉक्टरांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. शुगरमुळे होतं असं, जरा सांभाळून राहा, एवढं बोलून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. काय सांभाळायचं ते कोणी उघड बोललं नाही.

काकू का बोलल्या नाहीत, त्याला कारण होतं. त्यांची धाकटी बहीण गावाबाहेर चौदा किलोमीटरवर, दगडाच्या खाणीमागच्या शुश्रूषागृहात होती. अर्धं अंग गेलेलं, जीभ अडखळलेली. बुधवारी आणि शनिवारी काकू जाऊन तिला भरवायच्या. तिथल्या नर्सने सांगितलेलं, तुम्ही येता त्या दोन दिवशीच बाई पोटभर जेवतात. एरवी दोन घास घेऊन तोंड मिटतात. बस चढणीच्या खालीच थांबायची, वर पाच किलोमीटर पायी. टॅक्सीवाले परतीचं गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून नाक मुरडायचे. गाडी होती आणि गाडी काकाच चालवत होते. काकांचा पाय बोलण्यात आला असता तर गाडी बंद झाली असती आणि गाडी बंद झाली की धाकटीचा घास.

असं असताना एका सकाळी, हिशोबाची वही मिटत काकांनी जाहीर केलं की बारा हा पास-नापासचा आकडा. त्याच्या खाली गेली की गाडी आजारी समजायची आणि आजारी गाडी खाणीच्या चढणीला न्यायची नाही. काकू म्हणाल्या, पेट्रोलला पैसे कमी पडतात का आपल्याला? काकांनी चष्मा काढून त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांनी पोकळ वजनच पुढे केलंय. प्रश्न पैशाचा नाही, मापाचा आहे.

पुढची टाकी अकरावर आली असती. ती आली तेरा पॉइंट तीन.

कारण काकूंनी मिस्त्रीकडून तीन लिटर पेट्रोल मागवून घेतलं होतं. कशाला, हे मिस्त्रीने विचारलं नाही. टाकीच्या झाकणाची किल्ली स्वयंपाकघरात खुंटीला असायची. काका दुपारचे घोरायला लागले की काकू तेलाचं नरसाळं घेऊन खाली उतरायच्या आणि टाकीत लिटरभर ओतून यायच्या. नंतर हात तीन-तीनदा साबणाने धुवायच्या. पुढच्या टाकीला त्यांनी चार लिटर ओतलं. लिटरला चौदा झाले.

काकांना पंख फुटले. चौदा कशामुळे आले ते त्यांनी शोधून काढलं: त्यांनी टपावरचं कॅरियर उतरवलं होतं, त्यामुळे. मग जास्तीचं चाक उतरवलं. मग मागची सीट काढून हॉलमध्ये आणून टाकली. आल्यागेल्याला तिच्यावर बसवून भिंतीवर लावलेला आकड्यांचा तक्ता दाखवायचे. उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडायला लागले. काकू तेव्हा वरचा दांडा धरून डोळे मिटून घ्यायच्या. शेवटच्या उभ्या चढाशी तर काकूंना उतरायला सांगायचे. तू ये हळूहळू, मी वर थांबतो. एकसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखरे, हातात डबा, पाच किलोमीटरांतला शेवटचा उभा एक किलोमीटर चालत जायची. वर पोचली की काका घड्याळ दाखवून म्हणायचे, चार मिनिटं सुधारलीस.

आपण ओतलेलं पेट्रोल आपल्याच गुडघ्यांवर उलटलंय, हे काकूंना कळत होतं. पण धाकटी जेवत होती.

मग गाडीतून काढण्यासारखं काही उरलं नाही. काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावून बघितलं आणि त्यांची नजर काकूंवर येऊन थांबली. बासष्ट किलो. एक टाकी काकूंशिवाय चालवून बघायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे काकांनी ठरवलं. रस्ता मात्र तोच हवा, नाहीतर तुलना होत नाही. म्हणून बुधवारी आणि शनिवारी काका एकटेच खाणीच्या रस्त्याने जायचे, शुश्रूषागृहाच्या फाटकाशी गाडी वळवायचे आणि परत यायचे.

पहिल्या बुधवारी काकूंनी डबा पुढे केला. निदान फाटकावर देऊन या. काका म्हणाले, "थांबलं की इंजिन थंड होतं. आकडा बिघडतो."

शनिवारी नर्सचा फोन आला. बाई खिडकीतून गाडी बघतात, ओळखतात. ती वळून गेली की ताट सरकवून देतात.

काकूंनी मनाशी एक बेत केला. या टाकीला एक थेंबही ओतायचा नाही. आकडा पडेल, काकांना कळेल की बासष्ट किलोंचा काही संबंध नव्हता, आणि आपली जागा आपल्याला परत मिळेल. हुशार बाईचा बेत होता. फक्त नवरा तीस वर्षं काय करत होता, तेवढं त्या विसरल्या.

आकडा अकरावर आला. काकांनी दोनदा भागाकार केला. गाडी हलकी, रस्ता तोच, हवा बरोबर, आणि पेट्रोल चार लिटर जास्त? मग ते शांत झाले. असे शांत ते पूर्वी धाडीला निघताना व्हायचे. माप खोटं आहे, म्हणाले. काठोकाठने हात मारलाय.

त्यांनी जुन्या कचेरीत अर्ज दिला. त्यांच्या हाताखाली शिकलेला अधिकारी पाच लिटरचं माप घेऊन आला, पंप तपासला. चोख निघाला. काका म्हणाले, यंत्र चोख असणारच, खोटा हात आहे. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा पुसायच्या आतच हा नळी लावतो. अधिकाऱ्याने मान डोलवली, गुरू होते त्याचे. पंपाच्या मालकाला कटकट नको होती. काठोकाठला दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं.

त्या संध्याकाळी काका खुशीत होते. गाडीला काही झालेलं नाही म्हणाले. बुधवारपासून तू चल, दुसऱ्या पंपावर भरू. आणि चढणीला बसून राहिलीस तरी चालेल.

काकूंनी रात्रीच्या भाकऱ्या थापता थापता हिशोब केला. बुधवारी धाकटी जेवेल. परवा तर बुधवार.

मंगळवारी सकाळी काठोकाठ दारात आला. बरोबर मिस्त्री होता; त्यानेच आणलं होतं, पण तो उंबऱ्याच्या आत आला नाही. साहेबांनी गैरसमज झाला एवढं एका ओळीत लिहून दिलं तर मालक परत घेतो म्हणतोय, असं काठोकाठने उभ्या उभ्या सांगितलं. काकांनी त्याला बसायला सांगितलं नाही. ते स्वतः हॉलमधल्या गाडीच्या सीटवर बसले होते आणि वही मांडीवर होती. नळी कोणत्या हाताने धरतोस, आकडा पुसला की नाही ते कोण बघतं, गिऱ्हाईक कुठे उभं असतं, असं एकेक विचारत गेले. काठोकाठ एकेक उत्तर देत गेला. शेवटी काका म्हणाले, लिहून देतो, पण गैरसमज म्हणून नाही. चोरी कबूल कर, मी माफ केलं म्हणून लिहितो.

"बावीस वर्षांत एक थेंब नाही साहेब."

"मग राहा घरी."

काठोकाठने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री चपलांच्या ढिगाकडे बघत होता. घरात कॉलेजात जाणारी दोन मुलं होती काठोकाठच्या. मग तो मान खाली घालून हळूच म्हणाला, "बरं साहेब. झालं असेल माझ्याकडून."

काकांनी पेनाचं टोपण काढलं.

"त्याच्याकडून नाही झालं," काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "माझ्याकडून झालं."

त्यांनी सगळं सांगितलं. तीन लिटर, चार लिटर, नरसाळं, दुपारची झोप. सांगताना त्या काकांकडे बघत नव्हत्या, काठोकाठकडे बघत होत्या. काका ऐकत होते आणि काकूंना वाटलं, आता ओरडतील. पण ते वहीत मागे मागे जाऊन आकडे खोडायला लागले होते. तेरा खोडले, चौदा खोडले.

"म्हणजे खरे अकराच," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हुरूप होता. "म्हणजे बिघाड गाडीतच आहे. काय रे मिस्त्री, सांगितलं नाहीस?"

मिस्त्रीने पाय बदलला. जुनी गाडी आहे साहेब, म्हणाला.

"आणि काठोकाठ, तू? इतकी वर्षं बघतोस गाडी. काही जाणवलं?"

काठोकाठला जाणवलं होतं. मागच्याच महिन्यात गाडी थांबता थांबता पुढे आली होती आणि त्याने उडी मारून आपल्या नडग्या वाचवल्या होत्या. तो म्हणाला, नाही साहेब.

काकूंना बुधवार दिसत होता. ताट, खिडकी, धाकटीचं वाकडं झालेलं तोंड, घास दिसला की उघडणारं. अजूनही गप्प बसता आलं असतं. काठोकाठचं काम झालं होतं, मिस्त्रीने आणखी एकदा क्लच बदलला असता, उद्या सकाळी गाडी निघाली असती.

"अहो," त्या म्हणाल्या, "खाली बघू नका. तुमच्या डाव्या पायात चप्पल आहे का?"

"हा काय प्रश्न आहे?"

"आहे का नाही, सांगा."

"आहे," काका म्हणाले. "दोन्ही पायांत आहेत."

मिस्त्रीने खाली बघितलं. काठोकाठनेही बघितलं. डावी चप्पल तीन हात लांब, दारापाशी उपडी पडली होती. काका आत येताना ती निसटली होती आणि अनवाणी टाचेखाली पेनाचं मघाशी काढलेलं टोपण, तुटक्या धारेचं, दबलेलं होतं. तिथून बारीक रक्त फरशीवर आलं होतं.

"गाडीला काही झालेलं नाही," काकू म्हणाल्या. "तुमचा पाय मेलाय. तुम्हाला आता गाडी चालवता येत नाही."