सतरा नंबरची मुलं

एका खोलीत एकोणीस पोरं! तपासणीबाईने यादी तिसऱ्यांदा मोजली, तरी आकडा काही हलेना. टेकडीवरच्या शाळेच्या पटावरची एकोणीस मुलं, आडनावं एकोणीस तऱ्हेची, आणि पत्ता सगळ्यांचा एकच. एकशे चार, बागेचा रस्ता, तळमजला, डावीकडचं दार.

"तिथे काय कोंबड्यांची खुराडी आहेत का?" तिने विचारलं.

निवृत्तीला टेकलेल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "एक खोली, एक स्वयंपाकघर. मालकीण एक म्हातारी, एकटीच राहते. कागदोपत्री तरी असंच आहे मॅडम."

"म्हणजे पत्ते वाटायचा धंदा मांडलाय म्हातारीने! उद्या आपण स्वतः जायचं."

आता ही भानगड काय, तेही सांगायला हवं. टेकडीवरची शाळा म्हणजे गावातली एक नंबरची. शाळेच्या जवळ राहणाऱ्या मुलांनाच तिथे घ्यायचं, असा नियम. मग काय, दारात दोन-दोन गाड्या उभ्या असलेले लोकसुद्धा कुणाच्या तरी माळ्यावर राहतो म्हणून खुशाल लिहून देत. असे खोटे पत्ते हुडकून नावं कमी करायची, हे तपासणीबाईचं काम. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कचेरीत तिला मागे सगळे फूटपट्टी म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. खरं सांगायचं तर आवडायचंही.

आणि का आवडू नये? ही बाई स्वतः सात वर्षं उघड्यावर राहून शिकलेली. ती आणि तिची आई, दोघीच. कधी बंद दुकानाच्या पायऱ्या, कधी धुलाईखान्याची मागची भिंत, कारण आतल्या बंबामुळे ती ऊबदार असायची, आणि बाकीचे दिवस बस स्टँड. उभ्या बसच्या पाठीवरच्या धुळीत बोटाने पाढे लिहायचे, हा तिचा अभ्यास. नवाचा पाढा अर्धा होतोय तोच बस सुटायची आणि पोरगी उरलेला पाढा म्हणत तिच्यामागे धावायची. अशी ती शिकली, हुशार निघाली, अधिकारी झाली, आईला घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या घरात राहायला गेली.

पण टेकडीवरच्या याच शाळेत तिचं नाव घातलं तेव्हा त्यांचं घर होतं, हं! वडील गेले, त्यामागोमाग घर गेलं, ही हकीकत आईने तिला शंभरदा सांगितली होती; तिला स्वतःला त्यातलं काही आठवत नव्हतं. खिडकीला हिरवे गज होते. दारापुढे तीन पायऱ्या, मधली फुटकी. आईने पत्ता चालीवर पाठ करून घेतलेला, तो तिला झोपेतही म्हणता यायचा: सतरा नंबर, छापखान्यामागची गल्ली, तळमजला, डावीकडचं दार. कॉलेजात असताना ती एकदा ते घर शोधायला गेली, तर छापखानाच कुणाला माहीत नव्हता. आई म्हणाली, "राहू दे गं, परक्यांना तिथे बघून जीव जळेल." तिने नाद सोडला.

म्हणून तर खोट्या पत्त्यांची तिला एवढी चीड. "मी रस्त्यावर राहिले, पण माझ्या दाखल्यावर एक अक्षर खोटं नाही," हे वाक्य तिने इतक्या बक्षीस समारंभांत ऐकवलं होतं, की ती सुरुवात करायची आणि कारकून ओठातल्या ओठात पुरं करायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं बागेच्या रस्त्याला पोचली. एकशे दोन झालं, एकशे तीन झालं. एकशे चारसमोर आली आणि तपासणीबाई जागच्या जागी थांबली.

दारापुढे तीन पायऱ्या. मधली फुटकी.

खिडकीला गज होते आणि ते हिरवे होते. रंगाचे पोपडे उडाले होते, पण हिरवे म्हणजे हिरवेच. दाराच्या चौकटीवर एकशे चारची पत्र्याची पाटी एका खिळ्यावर लोंबत होती. तिने ती बोटाने बाजूला सारली. खालच्या लाकडावर जुना आकडा कोरलेला होता. सतरा.

"इथे मागे छापखाना होता का हो?" तिने विचारलं.

"होता ना. माझ्या तरुणपणी पाडला. मग बाग झाली आणि गल्लीचे नंबर बदलले." कारकुनाने तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, बरं वाटत नाही का?"

बरं? अहो, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं! चाळीस वर्षं जे घर तोंडपाठ होतं, ते समोर उभं होतं. तिने त्या गजांवरून हात फिरवला. आणि मग रडता रडता तिचं डोकं भडकलं. तिच्या बापाच्या घरात बसून कुणी तरी म्हातारी खोटे पत्ते वाटते, म्हणजे काय! तिने दार असं वाजवलं, की शेजारची खिडकी उघडली.

दार उघडलं ते एका वाळक्या, ताठ म्हातारीने. तपासणीबाईने तिला पाहिलं आणि पुन्हा हादरली. ही तर घंटामावशी! शाळेची शिपाईण. सकाळी उशीर झालेलं पोर फाटकातून धावत येताना दिसलं, की ही घंटेची हातोडी हातातच धरून ठेवायची, पोर आत आल्यावरच टोला हाणायची.

"मावशी, तुम्ही? आमच्या घरात तुम्ही काय करताय?"

"कुणाच्या घरात?"

"आमच्या! हे माझ्या वडिलांचं घर. शाळेत नाव घातलं तेव्हा आम्ही इथे राहायचो."

म्हातारीने कपाळावर हात आडवा धरून तिला न्याहाळलं. "बाई, मी लग्न होऊन या दारातून आत आले, त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली. माझ्या सासऱ्यांनी स्वतः विटा वाहून बांधलंय हे. दुसरं कुणी इथे एक रात्रसुद्धा राहिलेलं नाही."

तपासणीबाई मटकन पायरीवर बसली, फुटक्याच.  म्हातारीही सावकाश तिच्याजवळ टेकली.

"पत्ता म्हण बरं," ती म्हणाली.

"काय?"

"जुना पत्ता. पाठ असेल ना?"

तिने म्हटला. सेहेचाळीस वर्षांची अधिकारी बाई, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर फाइल, आणि पत्ता म्हटला तो पहिलीतल्या पोरीच्या चालीवर, 'डावीकडचं दार' वर हेल काढून. म्हातारीचा चेहरा उजळला.

"स्टँडवालीची तू! अगं, तू तर या पत्त्यावरची पहिली!"

मग म्हातारीनेच सांगितलं. स्टँडवाली मुलीला घेऊन तीन दिवस शाळेच्या फाटकाशी उभी होती. घर नाही तर नाव नाही, असं कचेरीतून तिला सांगितलेलं. चौथ्या दिवशी घंटामावशीला राहवलं नाही. तिने स्टँडवालीला घरी आणलं आणि म्हणाली, माझा पत्ता लिही. "तुझ्या आईने या खिडकीशी बसून माझं घर पाठ केलं. गज मोजले, पायऱ्या बघितल्या. म्हणाली, पोरीला कुणी विचारलं तर ती अडखळता कामा नये."

"आणि ही एकोणीस?"

"ही आत्ताची. आधीची मी मोजली नाहीत." खिडकीतून आतली फळी दिसत होती, तिच्यावर शाळेच्या पत्रांची चळत. "पत्र आलं की मी नेऊन देते. कुणी पुलाखाली, कुणी बाजाराच्या ओट्यावर, दोघं भाऊ मोडक्या बसमध्ये. पाय दुखतात आता, पण जाते."

कारकून उन्हात अवघडून उभा होता. तपासणीबाईने डोळे पुसले. तिला वाटलं, झालं, एवढंच. पण एवढंच नव्हतं.

"गेल्या वर्षी माझी एक गेली," म्हातारी म्हणाली. "भिंगरी म्हणायचे मी तिला, उभी राहिली तरी फिरत असायची. दुसरीत होती. नुसता कागद आला, बघायला माणूससुद्धा आलं नाही. पत्ता खोटा, नाव कमी! त्या दिवशी दप्तर घेऊन इथे आली आणि विचारते कशी, आजी, आता मी हा पत्ता विसरायचा का? त्यानंतर दिसली नाही. जुन्या जागी जाऊन आले मी, तिथून त्यांना हुसकून लावलंय."

"कागदावर सही कुणाची होती?" तपासणीबाईने विचारलं. उगाच विचारलं. तिला माहीत होतं.

"काय मेली ती सही! नुसता गुंता. वाचताच येईना."

कारकून बुटांकडे बघायला लागला.

"माझी आहे ती, मावशी."

 म्हातारी गुडघ्यांवर हात रोवून उठली, उंबऱ्यात गेली, आणि तिथून वळून म्हणाली, "मग इथे पायरीवर बसून रडतेस कशाला? पोर शोधून आण."

घरी आई खिडकीपाशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तपासणीबाईने चपलाही काढल्या नाहीत.

"आपलं घर कधीच नव्हतं?"

आईचे हात थांबले. मग तिने हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. "भेटली वाटतं ती. बरी आहे का?"

"आई, तू खोटं बोललीस! जन्मभर!"

"बोलले."

"मग आपण आधी राहायचो कुठे?"

"तिथेच. स्टँडवर. तू धरतेस ती सात वर्षं गं, पोरी. तेरा आहेत ती. तू पोटात असतानाच तुझे वडील गेले, तेव्हापासून."

 जगासमोर अभिमानाने सांगितलेली आपली गरिबीसुद्धा अर्धवटच होती, हे ऐकून माणसाने करावं तरी काय!

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? की पोरी, तू दुसऱ्याच्या दारातून आत शिरलीयेस, गप बस?" आईचा आवाज चढला. तो कधी चढत नसे. "अंग चोरून बसली असतीस बाकावर. हात वर केला नसतास. ज्याचं घर गेलंय ते पोर मान वर करून बसतं, परत मिळवीन म्हणतं. ज्याचं कधी नव्हतंच, त्याला कुठून आणायची गं ती हिंमत? मी तुला घर देऊ शकत नव्हते. गेलेलं घर दिलं."

तपासणीबाई आईच्या पायाशी बसली आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून ओक्साबोक्शी रडली. आईने थोडा वेळ थोपटलं, मग म्हणाली, "एवढं कशाला? मिळालं ना घर." तेव्हा तिने भिंगरीचं सांगितलं. आईचं थोपटणं थांबलं. ती कितीतरी वेळ लेकीकडे बघत राहिली, आणि ते बघणं तपासणीबाईला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी तिने अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला. या पत्त्यावर मुलं राहत नाहीत. ती कुठल्याच पत्त्यावर राहत नाहीत, म्हणून त्यांची नावं शाळेतून काढू नयेत. एक नाव चुकून काढलं आहे, ते परत घालावं. आणि यादीतला एकोणीसचा आकडा खोडून तिने वीस केला, पुढे स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली सही केली. या खेपेला वाचता येईल अशी.

कारकुनाने कागद वाचला आणि त्याची बोबडीच वळली. "मॅ-मॅडम, तुमचा दाखलाच खोटा ठरेल! नोकरी जाईल!"

"जाईल कदाचित. तुम्ही कागद वर पाठवा."

फाइल वर गेली. वरचे काय करतील ते वरच्यांनाच ठाऊक. पण सुटीच्या दिवशी सकाळी आई बूट घालून दारात तयार.

"तू कुठे निघालीस? गुडघे बघ तुझे."

"तुला जमणार आहे का शोधायला? फूटपट्टी घेऊन फिरशील नुसती. जिथे वर पत्रा आहे, जवळ नळ आहे आणि रखवालदार म्हातारा आहे, तिथे बघायचं. तरणा रखवालदार टिकू देत नाही."

दोन ठिकाणी नव्हती. तिसरीकडे, बर्फाच्या कारखान्यामागे, पत्र्याच्या पडवीत नऊएक वर्षांची पोरगी एका छोट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. बसल्या जागी पाय हलत होते. तपासणीबाईच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसताच ते थांबले.

"बाळ, कुठे राहतेस तू?" तिने विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

पोरीने मान ताठ केली आणि एका दमात सुरू झाली. "एकशे चार, बागेचा रस्ता, तळमजला, डावीकडचं दार." तीच चाल, तोच हेल. "खरंच राहते. खिडकीला हिरवे गज आहेत."

"माहितीये मला. मधली पायरी फुटकी आहे." तपासणीबाई तिच्यासमोर मातीत बसली. "मीपण तिथेच राहायचे."

पोरीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हळूच विचारलं, "मग तुम्हालापण काढलं का शाळेतून?"

 तेव्हा आईच पुढे झाली आणि तिने पोरीच्या मांडीवरचं बाळ उचलून कडेवर घेतलं.

"नाही गं. हिला कुणी काढलं नाही," ती म्हणाली. "जा, दप्तर घेऊन ये तुझं."