घरच्या दुकानातले वायपर

रिक्षावाल्या विनोदकडून मागून घेतलेली तंबाखू भावनाने ओल्या काचेवर चोळली आणि तिला शिसारी आली. तपकिरी पाणी बोटांवरून थेट कोपरापर्यंत ओघळलं. गाडीत बसलेल्या पोरांनी नाकं दाबली.

"शी काकू, काय घाण वास!"

"गप बसा रे. वायपर मेलाय. ही चोळली की काचेवर पाणी ठरत नाय. शाळा गाठायचीय ना?"

ओठ फुटलेल्या पोराला मात्र वासाचं भान नव्हतं. भावनाचा रुमाल तोंडाला धरून तो हुंदके गिळत होता. आत्ताच, धसई सोडल्यावरच्या वळणावर, वायपर खर्र करून फिरला आणि नेमका तिच्या डोळ्यांसमोर पाण्याचा जाड पट्टा ठेवून गेला. त्या पट्ट्यातून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल एकदम अंगावर आली. तिने ब्रेक मारला. दूधवाला शिव्या घालत निघून गेला, पण पोरं एकमेकांवर आदळली आणि याचा ओठ फुटला.

आणि हे वायपर काय जुने होते? छे! जूनमध्ये घातले ते महिन्यात फाटले, म्हणून ही दुसरी जोडी. दोन्ही घरच्याच दुकानातल्या. नवरा, प्रणित, वारला तेव्हा सगळे म्हणाले, गाडी विकून टाक. ती हट्टाने ड्रायव्हिंग शिकली आणि धसईची पोरं मुरबाडच्या शाळेत ने-आण करू लागली. सासऱ्यांनी, सावळारामांनी, परवानगी दिली ती एका अटीवर. गाडीचं सगळं सामान सुयोगच्याच दुकानातून घ्यायचं. सुयोग म्हणजे तिचा धाकटा दीर. सख्ख्याचं दुकान सोडून दुसऱ्याची पायरी चढली तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. तिलाही ते पटलं होतं.

पोरांना शाळेत सोडून ती तडक मुरबाडच्या बाजारात सुयोगच्या दुकानावर गेली. सुयोग बाहेर गेला होता. गल्ल्यावर जाऊ बसली होती, सोनाली.

"या ना ताई! च्या सांगू?"

"च्या नको गो. हे बघ." भावनाने फाटकं रबर काउंटरवर टाकलं. "आज एखाद्याचा जीव गेला असता."

सोनालीने रबर उचललं आणि साधेपणाने म्हणाली, "हा तो डुप्लिकेट माल ना? तरीच हे म्हणत होते, पाऊस हाय तवर नेहाला ताईंच्या गाडीनं धाडू नको."

नेहा म्हणजे सोनालीची पोर; त्याच शाळेत, पण एसटीने जायची. भावना गोंधळली. "भावजी तर म्हणाले, नेहाला माझ्या गाडीत मळमळतं."

"नेहाला? ती तर एसटीत मागच्या सीटवर बसून वडापाव खाते!" सोनाली हसली, आणि मग आपण काय बोलून गेलो ते कळून तिचा चेहरा उतरला.

यापुढे सकाळची तंबाखूची शिसारी काहीच नव्हती. नेहाला मळमळू नये म्हणून भावनाने घरात आल्याची वडी करून ठेवली होती. वेडी कुठली!

तेवढ्यात सुयोग आला. "काय वयनी, आज इकडं?"

"भावजी, ब्लेडं डुप्लिकेट हायत ते तुमाला ठावं होतं?"

"वयनी, बाजारात सगळा असाच माल चालतो. आणखी एक जोडी घेऊन जा, पैसे नकोत."

"मग नेहा का नाय बसत माझ्या गाडीत?"

सुयोग नटबोल्टच्या डब्यात हात घालून काहीतरी शोधू लागला. "तुमी पण ना, भलतंच काढता."

"तुमची पोर तेवढी पोर, आणि लोकांची काय वाटेवर पडलीत? त्यात माझा जीव पण होता, भावजी!"

"हळू बोला, गिऱ्हाइकं ऐकतात."

त्याला लाज वाटत होती ती गिऱ्हाइकांची. हा माणूस रोज तिच्या हातचं जेवत होता. तिला किळस आली, त्याची आणि त्याला वाढणाऱ्या आपल्या हातांची. ती दुकानातून उतरली आणि भर बाजारात रस्ता ओलांडून समोरच्या ज्ञानेश्वरच्या दुकानाची पायरी चढली.

ज्ञानेश्वर चपापला. "वयनी, तुमचं तर घरचं दुकान हाय समोर."

"म्हणूनच इकडं आले. टिकणारे वायपर दाखवा."

त्याने दोन-तीन जोड्या पुढे ठेवल्या. एक फार चकचकीत होती, तिला हातही लावावासा वाटला नाही. दुसरीचं रबर तिने चिमटीत दुमडून सोडलं. ते मऊ होतं आणि सोडल्याबरोबर सरळ झालं. पत्र्याची दांडीही भक्कम होती.

"हे द्या. इथंच बसवा."

"उन्हात गाडी उभी केली की वायपर उचलून ठेवत जा. रबर काचेला चिकटत नाय."

त्याने बादलीभर पाणी काचेवर ओतलं. वायपर आवाज न करता फिरले आणि काच लख्ख झाली. समोर सुयोग दारात उभा राहून सगळं बघत होता. संध्याकाळच्या आत ही बातमी म्हाताऱ्याच्या कानावर जाणार होती. घरात काय महाभारत होईल याची तिला कल्पना होती. होऊ दे, असं ती मनात म्हणाली.

शाळा सुटली तेव्हा पाऊस कोसळत होता. पोरं भिजत धावत आली आणि गाडीत दाटीवाटीने बसली. मागून सुयोगची गाडी येऊन थांबली. तो छत्री घेऊन उतरला आणि शाळेच्या फाटकातून नेहाला घेऊन आला. एका हातात नेहाचं दप्तर, दुसऱ्या हाताला नेहा. भावनाला वाटलं, माफी मागायला आला असेल.

तो आधी काचेपाशी थांबला. वाकून त्याने नवे वायपर नीट न्याहाळले, एकाला बोटही लावून बघितलं. मग दार उघडून दप्तर आत ठेवलं.

"वयनी, आजपासून नेहाला तुमच्याच गाडीनं न्या. मला कल्याणला माल आणायला जायचंय."

नेहा खाली मान घालून पावसात उभी होती. भावनाने ओठ फुटलेल्या पोराला थोडं सरकायला सांगितलं आणि नेहाला हाताला धरून खिडकीपाशी बसवलं.